गडावरून उतरलेलं गाव: शाहूनगरीत तीन दिवस

सातारा गाव वरून खाली असं बघत यावं. आधी अजिंक्यतारा, मग त्याच्या उत्तर उतारावरच्या पेठा, शेवटी कृष्णाकाठची माहुली. गाव याच क्रमानं वसलं आणि गावाचं पाणीही याच दिशेनं उतरतं. बहुतेक जण उलटं करतात. पोवई नाक्यावर उतरतात, रिक्षानं राजवाडा गाठतात आणि संध्याकाळी गाडी थेट गडाच्या दरवाज्याशी नेऊन लावतात. सगळं पाहून होतं, पण राजवाडा तिथंच का, पेठा अशा का आणि माहुलीच्या राजसमाध्या एवढ्या लांब का, याचा मेळ बसत नाही. तो बसावा म्हणून हे तीन दिवस ठरवून लावले आहेत.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. पावसाळ्यात गडावर धुकं बसलं की दहा पावलांवरचा बुरूज दिसत नाही, माहुलीचा घाट पाण्याखाली असतो आणि लिंबच्या विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एप्रिल-मेमध्ये गडावरची तळी आटतात, आणि पाण्याची कथा बघायला येऊन कोरडी तळी बघण्यात मजा नाही. मुक्काम हायवेला करू नये. राजवाडा किंवा मोती चौकाच्या आसपास केला तर पहिले दोन दिवस गाडीची गरजच पडत नाही. तिसऱ्या दिवसापुरतं वाहन लागतं.

पहिला दिवस: अजिंक्यतारा

पहाटे सहाच्या आत अदालत वाड्याशी पोचावं. गडावर जाणारा गाडीरस्ता आणि पायवाट दोन्ही इथूनच वर जातात. पायवाटेनं पाऊण ते एक तास लागतो. माणशी दोन लिटर पाणी घ्यावं, कारण गडावर तळी असली तरी पिण्याजोगं पाणी हमखास मिळेल असं नाही. गाडीनं आलं तर वेळ वाचतो, पण या गडाची चढण किती आखूड आहे ते पायांना कळत नाही, आणि ते कळणं फार गरजेचं आहे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट असला तरी गावातून पाहिला तर अगदी डोक्यावर, हाताशी असल्यासारखा वाटतो. राजानं सकाळी गडावर कचेरी करून दुपारी खाली उतरावं इतकं हे अंतर कमी. राजधानी गडाच्या पायथ्याशी सरकली त्यात या जवळिकीचा मोठा वाटा आहे.

दरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या मध्ये दडलेला आहे. वाट शेवटपर्यंत तटाच्या माऱ्यात राहील अशी वळवलेली आहे. आत शिरलं की मारुतीचं देऊळ लागतं, पुढं प्रसारभारतीचे मनोरे दिसतात, आणि ताराबाईंच्या राजवाड्याचं म्हणून दाखवतात ते जोतं. इथं घाई करू नये. तटाच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारायला दीड-दोन तास लागतात. फेरी मंगळाई बुरुजाच्या बाजूनं सुरू करावी, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन ईशान्येच्या तटावर असताना तिथं पोचता येतं.

हा किल्ला शिलाहार दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. पुढं बहमनी आणि मग आदिलशाही अंमल आला. चांदबिबीला विजापूरच्या दरबारी कारस्थानात इथंच आणून कोंडलं होतं. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये गड घेतला. सातारा हे नाव गडाच्या सतरा तट-बुरूज-दरवाज्यांवरून पडलं असं जुनी माणसं सांगतात, कुणी भोवतालच्या सात डोंगरांकडं बोट दाखवतं. नावाचा वाद बाजूला ठेवून मंगळाई बुरुजापाशी थांबावं, कारण शहराच्या जन्माआधीचा सगळ्यात मोठा प्रसंग इथं घडला.

१६९९ मध्ये राजाराम महाराजांनी साताऱ्याला राजधानी केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः वेढा घालायला आला. त्याचा तळ उत्तरेला करंज्याला पडला. शहाजादा आज्जम पश्चिमेला शहापूरकडं, शिर्झेखान दक्षिणेला, तरबियतखान पूर्वेला. तटावरून या चारही दिशा ओळीनं बघता येतात. करंजे आता गावातच मिसळलेलं आहे. इमारतींच्या दाटीत नजर स्थिरावली की बादशाहाची छावणी गडापासून किती जवळ होती ते ध्यानात येतं. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. या ईशान्य कोपऱ्याची उंची ६७ फूट होती असं इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलंय: खालचे ४२ फूट कातळ, वरचे २५ फूट चिरेबंदी. म्हणजे तोफेनं पाडायला अर्ध्याहून जास्त भिंत देवानंच बांधलेली. म्हणून मोगलांनी कातळात सुरुंग पोखरले.

एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडवले. पहिल्यानं तटाचा भाग आत कोसळला आणि गडावरची बरीच माणसं गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग उलटला. भिंत बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच ढासळली आणि त्यांचीच माणसं शेकड्यांनी मेली. कातळात बार भरताना दगडाची चीर कोणत्या अंगाला आहे यावर स्फोटाचा जोर कुठं फुटणार ते ठरतं. चिरेत वाट सापडली की जोर तिकडंच धावतो. मंगळाईच्या खाली उघडा पडलेला काळा पत्थर बघितला तर आडव्या थरांमधल्या भेगा आजही स्पष्ट दिसतात.

गड पडला तो दाण्यागोट्यापायी आणि राजाराम महाराजांच्या निधनाच्या बातमीनं. तोवर रसद दक्षिणेकडच्या परळीहून, म्हणजे आजच्या सज्जनगडावरून येत होती. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींची माणसं ती पोचवत आणि पश्चिमेचा आज्जम डोळेझाक करी. दक्षिण तटावरून सज्जनगड समोर दिसतो. तेवढं अंतर रात्री धान्याची पोती घेऊन तोडायचं म्हणजे काय, हे तिथं उभं राहूनच समजतं. गड स्वाधीन झाला तोही आज्जमच्या मध्यस्थीनं, म्हणून त्याचं नाव पडलं आझमतारा. काही वर्षांत ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव रूढ झालं.

या सगळ्या काळात संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत होते. सातव्या वर्षी गेलेलं मूल पंचविसाव्या वर्षी, १७०७ मध्ये सुटून आलं. त्यांच्यासमोर परका शत्रू नव्हता, घरच्याच, काकू ताराबाई होत्या. खेडला लढाई झाली, मग फौज साताऱ्याला आली. गडात प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूनं ठाम होते. किल्ल्याचा हवालदार शेख मिरा याचं कुटुंब वाईला शाहूंच्या हाती लागलं आणि त्यानं प्रतिनिधींना कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना याच गडावर राज्याभिषेक झाला.

आता तटाच्या उत्तर बाजूला येऊन खाली पाहावं. हे दृश्य या तीन दिवसांचा नकाशा आहे. डावीकडं यवतेश्वराची सोंड गडापेक्षा उंच. तिच्या कुशीत महादरेची दरी. समोर, गडाच्या उतारावर, पश्चिमेकडून पूर्वेकडं पसरलेलं जुनं गाव. त्याच्या पलीकडं वेण्णेचं खोरं. उजवीकडं दूरवर वेण्णा कृष्णेला मिळते तो संगम, तीच माहुली. जरंड्याचा डोंगर, चंदन-वंदनची जोडी, कल्याणगड हेही हवा स्वच्छ असेल तर दिसतात.

गड राजधानीला अपुरा का पडला याचं उत्तर परतताना तळ्यांपाशी मिळतं. गडावर सात तळी मोजतात. पावसाचं पाणी धरायचं आणि वर्षभर पुरवायचं, ही त्यांची ताकद. शिबंदीला, वेढ्यात अडकलेल्या काही शे माणसांना ती पुरतात. पण १७०८ नंतर इथं यायला लागले ते अष्टप्रधान, सरदार, त्यांची पागा, हत्ती, कारकून, सराफ, कासार, तांबट. एकटी पागाच या तळ्यांचं पाणी किती दिवसांत संपवेल! गडाच्या माथ्याला बाहेरून पाणी आणायची सोय नाही, कारण शेजारचा यवतेश्वर उंच असला तरी मध्ये खिंड आहे, आणि खिंडीतून परत वर पाणी चढवणं त्या काळच्या भाजक्या मातीच्या खापरी नळांना झेपणारं नव्हतं. उतारावर मात्र ते आपसूक येत होतं. शाहू गडावरून उतरले आणि खाली शाहूनगर वसलं, त्याचं एक कारण हे आहे.

दुसरा दिवस: पाणी आणि पेठा

सुरुवात पुन्हा पश्चिमेकडून. बोगद्याच्या अलीकडून यवतेश्वर-कासच्या रस्त्याला लागून महादरे तळं आणि हत्ती तळं बघावं. सकाळी साडेसात-आठला गेलं तर रस्त्यावर कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग नसते. सप्टेंबरात, फुलांच्या हंगामात आणि त्यातही शनिवार-रविवारी, या रस्त्यानं पायी जाण्याचा बेत करूच नये.

जुन्या साताऱ्याला पाणी यायचं ते यवतेश्वर आणि महादरेकडून, उताराच्या जोरावर, खापरी नळानं. खापरी नळाची रीत समजून घेतली तर पुढं पेठा फिरताना बऱ्याच गोष्टी उलगडतात. कुंभारानं चाकावर घडवून भट्टीत भाजलेला नळ एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला निमुळता. एकाचं निमुळतं तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवायचं आणि सांधा चुन्यानं लिंपायचा. नळ जमिनीत पुरून वर-खाली दगड-चुन्याचं कवच द्यायचं, कारण भाजलेली माती दाब सोसते पण धक्का सोसत नाही. वरून बैलगाडी गेली आणि कवच कच्चं असलं की तडा ठरलेला. उतार फार दिला तर पाणी सुसाट येऊन सांधे उखडतं, फार कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून ठरावीक अंतरावर हौद ठेवतात. हौदात पाण्याचा जोर मोडतो, गाळ तळाशी बसतो, आणि वरचं निवळ पाणी पुढच्या नळात जातं. झाडांच्या मुळ्या हा या नळांचा सगळ्यात मोठा शत्रू. सांध्यातून केसाएवढी मुळी आत शिरली तरी दोन वर्षांत ती झुबका होऊन नळ बंद करते. म्हणजे हौद म्हणजे नुसती पाणी भरायची जागा नाही, तो नळाचा विसावा आणि तपासणीचं ठिकाणही आहे. नळ कुठं तुंबला हे शोधायचं तर हौद-हौद बघत वर चालत जायचं. एका हौदात पाणी आहे आणि खालच्यात नाही, म्हणजे बिघाड त्या दोघांच्या मध्ये.

साताऱ्यात आजही कमानी हौद म्हणून पत्ता सांगतात. मंगळवार तळं, मोती तळं, फुटका तलाव ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. गावाचे पत्ते पाण्याच्या नावानं आहेत हे साताऱ्याचं खरं वैशिष्ट्य, आणि ते दगडी कमानींइतकंच जपण्यासारखं आहे.

महादरेहून परत फिरून समर्थ मंदिराच्या चौकातून गावात शिरावं. मंगळवार तळं वाटेत बघून घ्यावं. काळ्या दगडात बांधून काढलेलं, पायऱ्या उतरत्या. ते बघताना एक खूणगाठ बांधावी, की तळं गावाच्या वरच्या अंगाला आहे. साठा वर, वापर खाली. हीच मांडणी सगळ्या जुन्या गावाची. पाणी पश्चिमेकडून येतं म्हणून आधी वाडे, मग पेठा. राजवाडा जुन्या गावाच्या पश्चिम टोकाला का, हा सुरुवातीचा प्रश्न इथं सुटतो.

पेठांमधून फिरायला तीन-साडेतीन तास ठेवावेत आणि पायीच फिरावं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार अशा वारांच्या पेठा. व्यंकटपुरा, चिमणपुरा, मल्हार पेठ, सदाशिव पेठ अशा माणसांच्या नावाच्या. यादोगोपाळ पेठ ही शाहूंचे विश्वासू यादो गोपाळ खटावकर यांच्या नावाची. भवानी पेठ, दुर्गा पेठ देवीच्या. आणि त्यात पंताचा गोट, रामाचा गोट. गोट म्हणजे फौजेचा तळ. पुण्यातही पेठा आहेत, पण गोट हा शब्द पत्त्यात राहिला तो साताऱ्यात. शाहूंच्या काळात सरदार मोहिमेवरून आले की आपापल्या लव्याजम्यासह उतरत. राहुट्यांची जागा हळूहळू घरांनी घेतली, घरांमागं बाजार आला, आणि तळाची वस्ती झाली. गोटाच्या गल्ल्या चालताना त्या वारांच्या पेठांसारख्या सरळ नाहीत हे पायाला लागतं. ठरवून आखलेली वस्ती आणि उतरत-उतरत जमलेली वस्ती यांतला हा फरक आहे.

मराठी अमलात पेठ वसवायची म्हणजे आधी कौल द्यायचा. अमुक जागेवर दुकानं-घरं बांधा, इतकी वर्षं सरकारदेणं माफ, असं लेखी अभयवचन. मग शेटे-महाजन नेमायचे. ते बाहेरगावचे सराफ, तेली, साळी, कोष्टी, कासार बोलावून आणत. जकात, मापं, तंटे त्यांच्याकडं. कौलाची मुदत संपेपर्यंत व्यापारी टिकला की पेठ जगली. राजधानीच्या गावात तो टिकायचा, कारण गिऱ्हाईक म्हणजे खुद्द दरबार.

दरबाराला पैसा कुठून आला, हेही इथंच सांगायला हवं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्याच खेपेला शाहूंच्या मातोश्री येसूबाई तीस वर्षांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला आल्या. त्या सालापासून साताऱ्याचं रूप पालटलं. सरदारांना आपापले मुलूख मिळाले, हिशेबासाठी त्यांचे वकील-कारकून छत्रपतींच्या दारी कायमचे राहू लागले, आणि वकील राहिला की त्याचा वाडा, वाड्यामागं बाजार. १७४० मध्ये नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती साताऱ्यात. शाहूंचा राज्यकाळ ४१ वर्षांचा. एवढा दीर्घ आणि एका जागी स्थिर राहिलेला छत्रपती तोवर झाला नव्हता. शहराला वेळ लागतो, आणि साताऱ्याला तो मिळाला. १५ डिसेंबर १७४९ ला शाहूंचं इथंच, रंगमहालात निधन झालं.

पुढचा काळ भरभर ओलांडला तरी चालेल. १७५० मध्ये ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना गडावर कैद केलं, सत्ता पुण्याला गेली, साताऱ्यात गादी राहिली. पेशवाईची वस्त्रं इथूनच जात, पण व्यापारी, सराफ, कारागीर पुण्याच्या वाटेला लागले.

जेवणानंतर, उन्हं कलल्यावर, राजवाड्यासमोर यावं. इथं जे दिसतं ते शाहूंचं नाही, ते पुढचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं. हा घोळ फार जणांचा होतो. ११ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं साताऱ्यातूनच जाहीरनामा काढून पेशवाई बुडाल्याचं आणि छत्रपतींना राज्य देणार असल्याचं जाहीर केलं. प्रतापसिंह १८०८ ते १८३९ गादीवर होते. जुना राजवाडा त्यांचा, १८२४ चा. शेजारचा नवा राजवाडा त्यानंतरचा. दोन्ही इमारती जवळून पाहताना लाकूड आणि दगड यांचं प्रमाण बघावं: जुन्याच्या चौकांत खांब-तुळया सागवानी, कोरीवकाम लाकडात. आत सोडतीलच असा भरवसा धरू नये. बाहेरून, गोल बागेच्या बाजूनं दर्शनी भाग नीट दिसतो. जुन्या राजवाड्यात पुढं सरकारी हायस्कूल भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव या शाळेच्या पटावर लागलं. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. राजवाड्याची शाळा झाली आणि त्या शाळेतून हा विद्यार्थी निघाला, यापेक्षा मोठा मान त्या इमारतीला कुठल्या राजानंही दिला नसता.

प्रतापसिंहांनी मरगळलेलं गाव पुन्हा उभं केलं. रस्ते, पाणी, शाळा, छापखाना, महाबळेश्वरची वाट, या सगळ्यांत त्यांनी लक्ष घातलं. प्रतापगंज पेठ त्यांच्याच नावाची. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. १८४८ मध्ये, त्यांच्यामागून गादीवर बसलेल्या बंधूंच्या मृत्यूनंतर, दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झालं. डलहौसीच्या खालसा धोरणाचा पहिला घाव साताऱ्यावर पडला.

राजवाड्याहून पोवई नाक्यापर्यंत दोन रस्ते समांतर जातात. लोक त्यांना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात. कागदावर राजपथ आणि कर्मवीर पथ. दोन्ही गडाच्या उताराला आडवे आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या तीव्र उताराच्या. गाव न चढता आडवं चालता यावं आणि पाणी गल्लीगल्लीतून खाली उतरावं, अशी ही बसवणी. मोठा पाऊस झाला की वरच्या रस्त्यावरचं पाणी त्या गल्ल्यांमधून लोंढ्यानं येतं. ज्यांनी ओटे उंच बांधले त्यांची घरं कोरडी राहतात. जुन्या घरांच्या जोत्याची उंची बघत चाललं की हा हिशेब कळतो.

मोती चौकाच्या आसपास कंदी पेढे घेता येतील, पण आज खाण्यापुरतेच घ्यावेत, घरी न्यायचे उद्या. कंदी पेढ्याचा तपकिरी रंग खवा खमंग भाजल्यामुळं येतो, साखर बेताची असते. नीट भाजलेला पेढा बोटांनी दाबला तर किंचित रवाळ फुटतो, चिकटत नाही.

पोवई नाक्याच्या पुढं सदर बझार आणि कॅम्प, म्हणजे इंग्रजांचं सातारा. जुनं गाव पाण्याच्या बाजूला, नवी छावणी पूर्वेच्या सपाटीवर.  प्रतापसिंहांचं राज्य परत मिळवण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला चौदा वर्षं खेटे घालून हात हलवत परतले, आणि १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी झाली. ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. मावळतीला चार भिंतीच्या टेकडीवर चढावं. वीस-पंचवीस मिनिटांची चढण. तिथून दिवे लागताना वरचा-खालचा रस्ता दोन ओळींनी उजळतो आणि दिवसभर पायाखालून गेलेली मांडणी डोळ्यांसमोर येते.

तिसरा दिवस: लिंबची विहीर आणि माहुली

सकाळी आठला निघून आधी लिंब. पुण्याच्या दिशेनं हायवेवर लिंब फाटा लागतो, तिथून आत तीनएक किलोमीटर. गावाजवळ पोचल्यावर फोनच्या नकाशावर विसंबू नये. तो काही वेळा शेतातल्या पाणंदीत नेऊन सोडतो. 'बारा मोटेची विहीर' एवढं विचारलं की कुणीही वाट दाखवतं.

विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधली. बांधवून घेतली शाहूंच्या परिवारातल्या विरूबाई यांनी. सनदा आल्या, येसूबाई आल्या, त्याच वर्षी या कामाचा नारळ फुटला. राज्याला आलेली उसंत इथं दगडात उतरली आहे. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची अष्टकोनी विहीर, जोडीला छोटी विहीर, आणि दोन्हींच्या मध्ये, पाण्याच्या वर, दगडी महाल. रुंद जिन्यानं खाली उतरून महालाखालच्या दरवाज्यातून पाण्याशी जाता येतं. खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेत. विहिरीच्या भिंतीतली शरभशिल्पं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, बघायची तर नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन आत उतरलेलं असताना. त्यानंतर सावली सरकते आणि कोरीवकाम सपाट दिसायला लागतं. कठडे जुने आहेत, लहान मुलांचा हात सोडू नये.

मोटा बसवायच्या जागा वरच्या कडेला दिसतात. नाव बारा मोटेची असलं तरी जागा पंधरा मोजता येतात. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड. तिला दोन दोर. जाड तो नाडा, मोटेच्या तोंडाला, वरच्या चाकावरून. बारीक ती सोल, सोंडेला, खालच्या कण्यावरून. दोन्ही बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून लांब जाणाऱ्या उतारावरून, खाली चालत जातात. उतार असतो म्हणून त्यांचं स्वतःचं वजनही ओढीत भर घालतं. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीनं राहते, त्यामुळं पाणी सांडत नाही. कडेशी आली की नाडा मोटेला चाकाशी वर धरतो आणि सोल सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, ओढते. सोंड सरळ झाली की सगळं पाणी आपोआप थारोळ्यात आणि तिथून पाटात. दोन्ही दोरांच्या लांबीत थोडं जरी चुकलं तर सगळं बिघडतं: सोल लांब पडली तर सोंड मध्येच खाली लोंबते आणि पाणी विहिरीतच परत, आखूड पडली तर सोंडेवर ताण येऊन कातडं उसवतं. मोटेवर काम केलेलं एखादं वयस्क माणूस आसपास भेटलं तर आवर्जून विचारावं. "नाडा सैल सोडला की मोट बुडती, आन् सोल तानली की वतती. बैलाला समदं ठावं असतं, बाबा," एवढ्या दोन वाक्यांत एका आजोबांनी सगळं सांगून टाकलं.

आता एकाच वेळी बारा-पंधरा मोटा चालताना कशा दिसत असतील याचा विचार करावा. चोवीस-तीस बैल, धावेची वाट चहूबाजूंनी, पाटाचं पाणी आमराईला. ही नुसती शोभेची विहीर नव्हती.

लिंबहून सातारा वळसा घालून माहुलीकडं यावं. गावापासून पूर्वेला पाच किलोमीटर, वेण्णा जिथं कृष्णेला मिळते तिथं. दोन माहुली आहेत आणि नवख्याची गल्लत होते: अलीकडची संगम माहुली, नदीपलीकडची क्षेत्र माहुली. दोन्ही बघायच्या. क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. ज्या प्रतिनिधींनी १७०८ मध्ये गडाचे दरवाजे शाहूंना बंद केले, त्यांचेच हे चिरंजीव, आणि शाहूंच्या अगदी मर्जीतले. घरातलं भांडण मिटवून माणसं पुन्हा जवळ करण्याची शाहूंची हातोटी या देवळाच्या रूपानं उभी आहे. देवळाचा घाट, पायऱ्यांच्या चिऱ्यांचे सांधे, नंदीचा मंडप सावकाश बघावा. चिरे बिनचुन्याचे वाटतात इतके घट्ट बसवलेत.

शाहूंची समाधी इथं आहे, येसूबाईंची आहे, ताराबाईंचीही आहे. आयुष्यभर राज्यासाठी भांडलेले पुतण्या आणि काकू एकाच नदीकाठी विसावले. समाध्या एवढ्या लांब का, याचंही उत्तर मिळतं: राजधानी उतारावर, पण दहन आणि रक्षा नदीसंगमावर. म्हणून गावाची शेवटची पायरी पाच किलोमीटर दूर. पुराच्या दिवसांत हा काठ पाण्याखाली जातो, पाणी ओसरलं की गाळ बसतो, आणि दर वर्षी तो हटवला नाही तर चौथरे बुजत जातात. चौथऱ्यांवर चढू नये, चिऱ्यांमध्ये उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्यांना ओढू नये. मुळी ओढली तर तिच्याबरोबर दगडही सरकतो. ती कापून बंदोबस्त करायची गोष्ट आहे, आणि ते जाणकारांचं काम.

जवळच एक कुत्र्याची समाधी दाखवतात. शाहूंचा लाडका खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं धन्याचा जीव वाचवला असं सांगतात. चौथऱ्यावर दगडात बसलेला कुत्रा, कान टवकारलेले, तोंड पुढं. लहान मुलं तिथंच सगळ्यात जास्त वेळ रमतात, म्हणून तो शेवटी ठेवावा.

परतीला रेल्वे धरायची असेल तर सातारा स्टेशन माहुलीच्या बाजूलाच आहे, गावात परत जायची गरज नाही. पेढे मात्र सकाळीच घेऊन ठेवलेले बरे. स्टेशनजवळ शोधत बसायला वेळ उरत नाही.